रंगीत पाणलावा शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर अभयारण्याच्या बाजूला मी बरीच वर्षं पक्षी पाहायला जातो. नोव्हेंबर उजाडला, पक्षी सप्ताहाच्या बातम्या आल्या, की ओळखीच्या आणि अनोळखी माणसांचे फोन सुरू होतात. रोहित (फ्लेमिंगो) कुठे, चमचे (स्पूनबिल) आले का, हे प्रश्न सोपे असतात. पण गेल्या काही वर्षांत बहुतेकांना एकच पक्षी हवा असतो: रंगीत पाणलावा. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

रंगीत पाणलावा म्हणजे नेमका कोणता पक्षी?

लांबी साधारण २५ सेंटिमीटर. साळुंकीपेक्षा थोडा मोठा, पण अंगाने गोल आणि शेपटीने आखूड. चोच लांब, टोकाशी किंचित खाली झुकलेली. दोन खुणा लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. डोळ्याभोवती फिकट कडं असतं आणि ते मागे स्वल्पविरामासारखं ओढलेलं असतं. दुसरी खूण म्हणजे छातीच्या बाजूने खांद्यावर चढणारा पांढरट पट्टा. पाठीला दप्तर अडकवलेल्या पोरासारखा दिसतो तो.

नावातला ‘लावा’ म्हणजे माळावरचा लावाच. पाण्याकाठी राहतो म्हणून पाणलावा. मात्र नाव सारखं असलं तरी आपले नेहमीचे पाणलावे याचे जवळचे नातलग नाहीत. याचं कूळ वेगळं आणि जगभरात त्यात तीनच जाती: एक आफ्रिका-आशियातली, म्हणजे आपली, दुसरी ऑस्ट्रेलियातली, तिसरी दक्षिण अमेरिकेतली. नात्याने हे सगळे कमळपक्ष्यांना जास्त जवळचे आहेत. १७५८ साली लिनियसने आपल्या जातीला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा तर तिला पाणकोंबड्यांच्या भाऊबंदांत बसवलं होतं. दुरून, गवतात अर्धा लपलेला पाहिलात की लिनियसला दोष द्यावासा वाटत नाही.

रंगीत असतो तो नर ना?

नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीच हसत नाही. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या वहीत सगळ्या नोंदी उलट्या आहेत. मोर, सुगरण, धनेश पाहून डोळ्याला सवय लागते की नटलेला तो नर. इथे मान आणि छाती गडद तांबूस-तपकिरी असलेली, आकाराने मोठी, ती मादी. नर बिचारा मातकट, पंखांवर सोनेरी-पिवळसर ठिपके असलेला. बांधावर वाळलेल्या गवतात बसला की चार हातांवरूनही दिसत नाही, आणि त्याला तेच हवं असतं, कारण अंड्यांवर बसायचं काम त्याचं.

हंगामात मादी संध्याकाळी आवाज देते, नराला बोलावते, जागेसाठी दुसऱ्या माद्यांशी भांडते. घरटं जमिनीवर, गवताच्या बुडख्यात असतं. त्यात बहुतेक वेळा चार अंडी घालते आणि निघून जाते. कधी कधी दुसऱ्या नराकडे. पुढचे जवळपास तीन आठवडे अंडी उबवायची, नंतर पिल्लं हिंडवायची, हे सगळं नर एकटा करतो. कमळपक्ष्यांतही असाच कारभार चालतो, म्हणजे नातं नुसतं हाडांवरून ठरवलेलं नाही. मादीची श्वासनलिकाही नरापेक्षा लांब असते. तिचा तो खोल, घुमणारा आवाज तिथून येतो.

त्यामुळे मादी दिसली म्हणून ‘जोडीच असणार, घरटं शोधू’ असं म्हणत गवत तुडवायला लागू नका. ती कदाचित दोन शेतं पलीकडच्या वेगळ्याच नराच्या मागावर असेल.

हा खरोखर दुर्मिळ आहे का?

माझं मत ऐकाल तर दुर्मिळ नाही, अवघड आहे. जागतिक पातळीवर त्याला धोक्यातल्या जातींत धरलेलं नाही. महाराष्ट्रात तो वर्षभर राहतो, कुठून स्थलांतर करून येत नाही. पण दिवसभर गप्प बसतो, उजेड उतरला की बाहेर पडतो, आणि माणूस जवळ आला तर उडण्याऐवजी थिजतो. आपल्याला दिसत नाही म्हणून दुर्मिळ म्हणायचं, ही आपली सोय आहे.

फरक कळायला हवा, कारण शोधायची पद्धत त्यावर ठरते. दुर्मिळ पक्ष्यासाठी खूप जागा पालथ्या घालाव्या लागतात. अवघड पक्ष्यासाठी एकच जागा धरून बसावं लागतं.

नांदूर मधमेश्वरला नक्की कुठे पाहायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यालाच मी सरळ उत्तर देत नाही. आखडूपणा नाही, पाणी हलतं म्हणून.

गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात त्याच्या खाली, निफाड तालुक्यात, इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. गाळ साठत गेला, बेटं तयार झाली, पाणकणीस वाढलं, आणि पाटबंधाऱ्याच्या कामातून नकळत एक दलदल उभी राहिली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. २०१९ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. महाराष्ट्रातली ती पहिली रामसर जागा. नाशिकपासून साधारण ४० किलोमीटर. चापडगाव आणि खाणगाव थडी या बाजूंना मनोरे आहेत, तिथून बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी (कूट पक्षी), दलदलीवर घिरट्या घालणारे भोवत्ये मनसोक्त पाहा. रंगीत पाणलावा मनोऱ्यावरून शोधू नका. त्याला उघडं पाणी नको असतं.

त्याला लागतो तो काठ. चिखल ओला पण पाय बुडणार नाही इतका, पाणी बोटभर ते वीतभर, आणि दोन पावलांवर लपायला लव्हाळा किंवा गवताचा गठ्ठा. तिन्ही गोष्टी एकत्र असलेली पट्टी कधी कधी खोलीएवढीच असते. या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा कालवे निघतात. शेतीचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, कालव्यांना सुटलं की इथलं पाणी उतरतं, नवा चिखल उघडा पडतो. वरच्या धरणांतून पाणी आलं की तोच चिखल पुन्हा बुडतो. पावसाळ्यात जायकवाडीकडे विसर्ग चालू असला तर काठ असा उरतच नाही. म्हणून मागच्या रविवारी कोणाला दिसलेली जागा या रविवारी दोन फूट पाण्याखाली असू शकते.

निघण्याआधी पक्ष्यांच्या नोंदी पाहा, त्याबरोबर पेपरातल्या आवर्तनाच्या बातम्याही पाहा. आवर्तन सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असले तर मी बाकीची कामं बाजूला ठेवतो.

आणि अभयारण्याच्या हद्दीवर अडून बसू नका. कालव्याच्या पाझराने चिबड झालेल्या जमिनी, उसाच्या कडेची तुंबलेली चारी, रस्त्याच्या मोरीखालचं डबकं, गावाचं सांडपाणी पसरून झालेली हिरवट दलदल: माझी निम्म्याहून जास्त दर्शनं अशा जागांची आहेत. फोटो सुंदर येत नाहीत, वास येतो, पण पक्षी तिथे असतो.

कोणत्या महिन्यात जावं आणि किती वाजता?

आवाज ऐकायचा असेल तर पावसाळा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा ‘ऊक्… ऊक्… ऊक्’ असा घुमारा, एका लयीत, अंधार पडताना सुरू होतो आणि रात्रीही चालतो. विणीचा भर पावसाळ्यात असला तरी पाणी जुळून आलं तर इतर महिन्यांतही घरटी होतात, त्यामुळे काटेकोर हंगाम मानू नका.

पाहायचा असेल तर डिसेंबरपासून पुढे. गवत बसलेलं असतं, ओल आकसत जाते आणि पक्षी उरलेल्या थोड्या चिखलावर गोळा होतात. मार्च-एप्रिलमध्ये ऊन सोसत असेल तर आणखी चांगलं.

वेळ एकच: सूर्य मावळायच्या आधीचा अर्धा तास आणि नंतर दुर्बिणीत दिसेल तोवर. पहाटही चालते, पण पहाटे धुकं असतं आणि आपण नेहमी पंधरा मिनिटं उशिरा पोचतो. अडचण अशी की अभयारण्यातून बाहेर पडायची वेळ आणि याची जागं व्हायची वेळ जवळपास एकच. म्हणूनही वर सांगितलेल्या चाऱ्या आणि डबकी कामाला येतात.

नेहमीच्या पाणलाव्यापासून वेगळा कसा ओळखायचा?

बसलेला असेल तर डोळ्याभोवतीचं कडं आणि खांद्यावरचा पट्टा पुरेसा आहे. उडाला तर उडण्याची तऱ्हा पाहा. साधा पाणलावा ‘स्केप’ असा खरखरीत आवाज करत सुटतो, हवेत नागमोडी वळणं घेतो आणि दूर जातो. रंगीत पाणलावा जड, संथ पंखांनी, पाय लोंबकळत ठेवून उडतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा गवतात पडतो. पाणकोंबडी उडते तसं. बहुधा मुकाट्याने.

चालताना मागचा भाग वरखाली हलवतो, हीही एक खूण. पण तुतारी नावाचा पाणकाठचा पक्षीसुद्धा शेपूट हलवतो, म्हणून नुसत्या तेवढ्यावर नोंद करू नका.

हिवाळ्यात आपल्याकडे टाचणीसारख्या शेपटीचा पाणलावाही येतो. साध्या पाणलाव्यापासून तो वेगळा ओळखणं हा स्वतंत्र छंद आहे. शेपटीच्या कडेची टाचणीसारखी बारीक पिसं फोटोत उघडलेली सापडली तरच खात्री, नाहीतर वहीत ‘पाणलावा, जात नक्की नाही’ असं लिहावं. असं लिहिण्यात कमीपणा काही नाही.

मग खरोखर दुर्मिळ पाणलावा कोणता?

छोटा पाणलावा. तोही हिवाळी पाहुणा. सगळ्यांत लहान, चोचही त्यामानाने आखूड, आणि चरताना अख्खं अंग स्प्रिंगवर ठेवल्यासारखं वरखाली. पाय पडायची वेळ येईपर्यंत उठत नाही; उठला तर आवाज न करता जवळच उतरतो. साध्या पाणलाव्याच्या डोक्यावर मधोमध फिकट रेघ असते, याच्या नसते. रंगीत पाणलावा शोधताना तो अचानक समोर आला तर समजा लॉटरी लागली. मला लागलेली एकदाच, तीही सहा-सात सेकंदांची.

चिखलात उतरावं लागतं का?

उतरू नका. गमबूट घालून, रांग धरून दलदल चाळत जाणारे गट मी पाहिलेत. अशाने पक्षी दिसतो, हे खरं. दिसतो म्हणजे उठतो, पाय लोंबकळत ठेवून पळतो, आणि सगळ्यांच्या कॅमेऱ्यात एक धूसर पाठ येते. त्यात जमिनीवर घरटं असलं तर ते कोणाच्या टाचेखाली गेलं हे कळतही नाही.

मी काय करतो ते सांगतो. दुपारी चार-साडेचारला जागा हेरायची. ऊन पाठीशी येईल असं बांधावर बसायचं, उभं राहायचं नाही. उभ्या माणसाला सगळी दलदल घाबरते. गवताचे गठ्ठे एकेक करून दुर्बिणीने पाहायचे, दर दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या फेरीत काहीच नसतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीत जे मघाशी ढेकूळ वाटलं होतं त्याला डोळा असतो. गंमत म्हणजे तो पक्षी तुमच्या आधीपासून तिथे होता आणि तुमच्याकडे पाहत होता.

तुम्ही नकळत फारच जवळ गेलात तर तो पंख पुढे पसरून, शेपूट उघडून, ठिपके दाखवत फिस्कारतो. ते पाहायला मिळालं म्हणून खूश होऊ नका. मागे या.

मोबाइलवर आवाज लावला तर बाहेर येतो का?

येईलही. म्हणूनच लावू नका. मादीला वाटतं दुसरी मादी आपल्या जागेत आली. उजेडात, घारी-भोवत्ये फिरत असताना, ती उघड्यावर येते, भांडायला कोणी सापडत नाही आणि पुन्हा पुन्हा येते. एका संध्याकाळी तीन गटांनी आळीपाळीने हेच केलं तर त्या मादीने चरायचं कधी?

घरटं सापडलं. फोटो काढून टाकू का?

नको. जागीच थांबा, आल्या पावली मागे फिरा, आणि पुन्हा त्या बाजूला जाऊ नका. तुम्ही गवत बाजूला सारून केलेली वाट कावळ्याला आणि कुत्र्याला व्यवस्थित कळते. नर उठून गेला आणि ऊन तापलेलं असलं तर अंड्यांचं काय होईल ते सांगायला नको.

कायद्याचंही सांगतो, कारण ‘आम्ही काही मारलं नाही’ असं ऐकू येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. वन्य पक्ष्यांची अंडी घेणं, फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही त्यात येतं.

वाटाड्या घ्यावा का?

अभयारण्यात स्थानिक पोरं वाटाडे म्हणून काम करतात, त्यांना जरूर घ्या. पक्ष्यांची नावं ते मराठी आणि इंग्रजी दोन्हीत सांगतात, आणि पाणी आज कुठे आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. फक्त आधीच सांगा: ‘दादा, उठवायचा नाही, बसून पाहायचा.’ गिऱ्हाइकाला पक्षी दाखवलाच पाहिजे या दडपणाखाली ते गवतात शिरतात. ते दडपण आपण घातलेलं असतं.

बाहेरच्या शेतांत जात असाल तर परवानगी घ्या. निफाडकडे द्राक्षबागांची राखण असते, अंधार पडताना बांधावर लपून बसलेला अनोळखी माणूस कोणालाही आवडणार नाही. ‘काका, तासभर बांधावर बसू का, पक्षी पाहायचेत,’ एवढं पुरतं. बहुतेक वेळा पुढचा प्रश्न ‘कसला पक्षी?’ असा येतो. दुर्बीण त्यांच्या हातात द्या. मला सगळ्यात चांगली जागा अशाच एका काकांनी दाखवली. ते त्याला कुठल्याच नावाने ओळखत नव्हते, ‘ते बाटली वाजवणारं पाखरू’ एवढंच म्हणाले.

साहित्य काय लागतं?

आठ बाय बेचाळीसची दुर्बीण, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची; अंधुक उजेडात लहान भिंगाची कुचकामी ठरते. बसायला गोणपाट. परतीसाठी टॉर्च आणि घोट्याच्या वर येणारे बूट, कारण बेडूक असतात तिथे साप असतात. टॉर्च वाटेवर मारायचा, पक्ष्यावर नाही. फ्लॅश बंद. ड्रोन घरी.

आम्ही पुणे, मुंबई, विदर्भ, गोव्यात राहतो. इतक्या लांब यायलाच हवं का?

अजिबात नाही. पुण्याजवळ मुळा-मुठेवरचं कवडी आहे. पाणी घाण आहे हे मान्य, पण काठ आहे. भिगवणला उजनीचं पाणी उतरलं की गाळपेर जमिनी उघड्या पडतात, तिथल्या ओलसर कडा पाहा. सगळे जण होडीने रोहितांकडे जातात, तुम्ही किनाऱ्यावर थांबा. मुंबईकरांनी भांडुप आणि उरणकडच्या गोड्या पाण्याच्या दलदली पाहाव्यात. भरती-ओहोटीच्या खाऱ्या चिखलावर वेळ घालवू नये. भंडारा-गोंदियाकडच्यांचा मला हेवा वाटतो: मालगुजारी तलाव, बोड्या आणि भाताची बांधी, म्हणजे हवं ते सगळं दारात. गोव्यात करमळीचं तळं आणि आजूबाजूची भातशेती.

भाऊ मेलबर्नला असतो. तिथे दिसतो का?

तिथला वेगळा. पूर्वी दोघांना एकच जात मानत, आता ऑस्ट्रेलियाचा रंगीत पाणलावा स्वतंत्र जात आहे आणि तो खरोखरच धोक्यात आहे. भावाला दिसला तर त्याने तिथल्या पक्षी संस्थेला जरूर कळवावं.

आपल्याकडेही कमी होतोय का?

आकडे देऊन सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, जागा जाताना मात्र पाहिल्यात. लोकांना वाटतं शिकार किंवा प्रदूषण हे मोठं संकट. मला वाटतं, सुशोभीकरण. आमच्या ओळखीचं एक तळं होतं, शहराच्या कडेला, तीन बाजूंनी उथळ, लव्हाळ्याने भरलेलं. त्याला चहूबाजूंनी दगडी पिचिंग केलं, वर चालायचा ट्रॅक, दिवे, बाकं. पाणी आता जास्त स्वच्छ आहे आणि फिरायला माणसंही येतात. पण काठ सरळ खोल पाण्यात जातो. बोटभर पाणी असलेली जागाच उरली नाही. पाणकावळे आहेत, खंड्या आहे. पाणलावे गेले, रंगीतही आणि साधेही.

तुमच्या गावात तळ्याचा आराखडा येईल तेव्हा एका बाजूचा काठ कच्चा ठेवा एवढं म्हणा. खर्चही वाचतो.

दिसला तर नोंद कुठे करायची?

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तेव्हा हातभार लावा. दिवसा मोजणी होते म्हणून हा पक्षी हमखास सुटतो आणि संध्याकाळी थांबणाऱ्या माणसाची तिथे गरज असते. विणीच्या काळात मात्र जागेची खूण अंदाजे द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन टाकलं की दुसऱ्या दिवशी बांधावर आठ गाड्या असतात, आणि ज्या काकांनी बसू दिलं तेच पुन्हा कोणाला येऊ देत नाहीत.

तीन वेळा येऊन गेलो, दिसला नाही. काय चुकतंय?

कदाचित काहीच नाही. नोंद केलीत का? ‘नाही दिसला’ एवढी नाही: पाणी कुठवर होतं, आवर्तन चालू होतं का, किती वाजेपर्यंत बसलात, चांदणं होतं का. माझ्या वहीत अशी ‘नाही’ची पानं ‘हो’च्या पानांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि कुठे बसायचं हे त्यांच्यावरूनच कळत गेलं. आणि चौथ्यांदा याल तेव्हा पाच वाजताच चहाच्या टपरीवर जाऊ नका. हा प्रश्न विचारणाऱ्या तिघांना मी उलट विचारलं, त्यातले दोघं तेव्हा तिथेच होते.